शुक्रवारची लाइन

१६ जानेवारी २००९, शुक्रवार

खतवाल्याने फुकट दिलेली डायरी आहे, कोरी पडून राहण्यापेक्षा लिहितो. एसटीडी फोनचा बूथ चालवत होतो तेव्हा दिवसभर लोकांची बोलणी कानावर पडायची. आता शिरूरमध्ये ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे, आणि माझी काचेची केबिन ओसरीत उभी आहे. तिच्यात माझी बायको रशिदा कांदे ठेवते. बोर्ड पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेला. त्यावरचा नंबर अजून लांबून वाचता येतो.

आज घरात ब्रॉडबँड लागलं. पाबळच्या शाळेत हे काम शिकलेला भिमा येऊन जोडून गेला. पांढरा डबा, त्याला दोन शेंड्या, पुढे हिरवे दिवे. त्याला राउटर म्हणतात. हा खर्च मुलीसाठी, आसमीनसाठी केलाय. बकरी ईदनंतर तिची मंगनी झाली. मुलगा राहिल दौंडचा, कुवेतला एसीच्या कामावर आहे. मे महिन्यात सुट्टीवर येईल तेव्हा निकाह. तोवर दोघांनी दर शुक्रवारी कॅमेऱ्यावर बोलावं असं त्याच्या वडिलांनी, गुलाबभाईंनी, सुचवलं. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. मला पटलं. एकुलती एक पोर परक्या घरी द्यायची, तर माणूस आधी नीट कळलेला बरा.

संध्याकाळी पाचला पहिलं बोलणं झालं. मी दारातून जरा डोकावलो. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या मागे भिंतीवर टांगलेला शर्टसुद्धा दिसला. बराच वेळ बोलले. आसमीन उठली ती थेट मोरीत गेली, तोंड धुतलं, आणि भूक नाही म्हणून झोपायला गेली. रशिदा म्हणाली, "लाजली पोर." मलाही तसंच वाटलं.

१७ जानेवारी

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सतीश सकाळीच खाली आला. "चाचा, आमाला बी एक वायर द्या की वर. निम्मं बिल मी भरतो." सतीश तळेगाव ढमढेऱ्याचा. रांजणगावला कंपनीत आहे. कारेगावात खोल्या महाग झाल्या म्हणून बायकोला, राजश्रीला, घेऊन इथे राहतो. माणूस बरा आहे. पण काल लागलेल्या लाइनची आज त्याला खबर कशी, हे मनात आलंच. वायर दिली.

आसमीन क्लासवरून उशिरा आली. बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवते. का उशीर म्हणून विचारलं. कुणाचा तरी प्रिंटर बिघडला होता म्हणे. कुणाचा, तेही विचारलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजहून आलो तेव्हा वर सतीशचा कॉम्प्युटर चालू होता. त्याची साप्ताहिक सुट्टीही शुक्रवारीच. पाचला आसमीन बोलायला बसली आणि राहिल पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला. आवाज येतोय, जातोय. मी जिन्याखाली उभा राहून कान दिला. वर कसलंतरी भाषण जोरात चालू होतं.

म्हणजे वरचा ओढतोय. बूथमध्ये एका लाइनवर एकच माणूस बोलायचा, हिशेब सरळ होता. इथे एकाच लाइनवर सगळे बसलेत, आणि कोण किती ओढतोय ते दाखवायला मीटरसुद्धा नाही.

२४ जानेवारी

आसमीनला विचारलं, वरची लाइन बारीक करता येते का? तिला हे सगळं येतं. तिने राउटरचं पान उघडून दाखवलं. पासवर्ड माझ्या बूथचा जुना नंबर. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला डबा एक नंबर देतो, आणि त्या नंबराला किती लाइन द्यायची ते आपण ठरवू शकतो. आपली सगळी लाइन मिळून पाचशे बारा केबीपीएस. सतीशच्या नंबराला चौसष्ट घाल, असं मी म्हणालो.

"अब्बा, सतीशदादांना आधी विचारा तरी. तेही पैसे देतात."

"विचारून कुणी चोर पकडतं का?"

आणखी एक गोष्ट तिने समजावली. मर्यादा घातली म्हणून लाइन वाढत नाही. टाकीत पाणी तेवढंच, एकाचा नळ बारीक केला की दुसऱ्याला दाब येतो, तोही पहिला नळ उघडा असेल तरच. मला कळलं. तिने चौसष्ट टाकलं. मी जवळ उभं राहून पाहिलं, आणि एक-दोनदा स्वतः ते पान उघडून बघायला शिकलो.

३० जानेवारी, शुक्रवार

झकास! राहिल लख्ख दिसला. मी तिला म्हटलं, बघ, अब्बाने लाइन सरळ केली की नाही? ती म्हणाली, "हो. सगळं दिसत होतं." जेवली मात्र चिमणीएवढं. लग्न ठरलेल्या मुली अशाच असतात म्हणे.

सतीश दुपारी पिशवी घेऊन बाजाराकडे गेला तो दिवे लागल्यावर आला. सुट्टीच्या दिवशी इतका वेळ कुठे असतो?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी लाइट गेली, पाचच्या जरा आधी आली. आणि बोलणं पुन्हा बोंबललं. राहिलचं चित्र चौकोन-चौकोन झालं, आवाज टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा. वर मात्र सतीशचं भाषण एकदाही न अडखळता चालू! म्हणजे पठ्ठ्याने माझं कुलूप उघडलं. पासवर्ड टाकीच्या झाकणावर लिहिलाय, आणि टाकी त्याच्या दारापुढे. मीच मूर्ख.

आसमीनने कटकट केली नाही. बाहेर येऊन भाकरी थापायला आईला हात दिला, दोन भाकरी खाल्ल्या, भांडी घासताना गुणगुणत होती. पोर समजूतदार आहे.

८ फेब्रुवारी

सतीशला जिन्यात गाठलं.

"सतीश, राउटरला कशाला हात लावलास?"

"चाचा, शपथ घेऊन सांगतो, म्या हात बी लावला न्हाई."

"न लावता तुझी लाइन पळायला कशी लागली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजी इतके दिवस तुमी ती बांधली व्हती?"

मी पायरीवरून बाजूला झालो. तो म्हणाला, "मला वाटलं लाइनच तशी हाय. मी नेट कॅफेत जाऊन बसत व्हतो. कंपनीत प्रमोशनची परीक्षा हाय, त्याची लेक्चरं असत्यात ती. सांगितलं असतं तर शुक्रवारी पाचला बंद नसतं का ठेवलं?"

बोलायला गोड आहे. पण बूथवर मी असले पुष्कळ पाहिलेत. राजश्री रोज जाता-येता "चाची, येऊ का" म्हणायची, आज मुकाट जिना चढून गेली.

१० फेब्रुवारी

आसमीनने आज खुलासा केला. सतीशने काही केलं नाही. लाइट गेली की कुणाला कुठला नंबर दिला ते हा डबा विसरतो. परत आली की जो आधी दारात उभा, त्याला पहिला नंबर, मग दुसऱ्याला पुढचा. त्या दिवशी सतीशचा कॉम्प्युटर आधी लागला, आमचा नंतर. नंबरांची अदलाबदल झाली. मर्यादा नंबरावर घातलेली, माणसावर नाही. म्हणजे मी सतीशसाठी घातलेली चौसष्ट माझ्याच मुलीच्या गळ्यात पडली.

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग आज का सांगतेस? मी त्या माणसाला चोर म्हणून मोकळा झालो."

"म्हणूनच सांगते आहे. नाहीतर..." पुढे म्हणाली, क्लासची गडबड होती.

मग तिच्याकडून दोन्ही कॉम्प्युटरांचे नंबर पक्के करून घेतले, आता लाइट गेली तरी हलणार नाहीत. सतीशची चौसष्ट तशीच ठेवली. तो निर्दोष आहे हे एवढ्यापुरतंच सिद्ध झालंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लाइट दुपारी दोनदा गेली, पण लाइन पाचला ठणठणीत. राहिल चांगला तासभर बोलला. आसमीनने पुन्हा मोरीत जाऊन तोंड धुतलं. डोकं दुखतंय म्हणाली. कॅमेऱ्यासमोर बसून डोळ्यांवर ताण येत असेल, चष्म्याचा नंबर काढायला हवा.

गुलाबभाईंचा दौंडहून फोन आला. राहिलने विचारलंय, वर भाडेकरू आहे तो कोण, त्याचा जिना घरातून जातो की बाहेरून? मी सविस्तर सांगितलं. फोन ठेवल्यावर रशिदाला म्हणालो, पोरगा चौकस आहे, मला आवडलं. आसमीन तिथेच लसूण सोलत होती. ती उठून आत गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काय चाललंय हे? आज लाइट एकदाही गेली नाही. सतीश तळेगावला गेलेला, वरचा कॉम्प्युटर बंद. तरीही राहिल चौकोन-चौकोन! बोलणं दहा मिनिटांत आटोपलं.

आसमीन रशिदाबरोबर बाजारात गेल्यावर मी राउटरचं पान उघडलं. आसमीनच्या नंबरापुढे चौसष्ट! पक्क्या केलेल्या नंबरापुढे. आता डबा विसरला असं म्हणता येणार नाही. हे कुणीतरी हाताने केलंय.

सतीश सूड घेतोय. सकाळी जाण्याआधी घालून गेला असणार, म्हणजे आळही येणार नाही. डोकेबाज आहे.

२१ फेब्रुवारी

पासवर्ड बदलला. इंग्रजी अक्षरं शोधत मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी सांगत गेलो आणि आसमीनने टाइप केला. आता या जगात तो फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. बघू सतीश काय करतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा तेच. बोलणं संपल्यावर जेवणं झाली, मग मी पान उघडलं. आसमीनच्या नंबरापुढे काहीच नाही. साफ! नवा पासवर्ड सतीशला कळला असणं शक्य नाही. खिडकीतून बघितला असेल तर गोष्ट वेगळी, पण खिडकीला पडदा आहे.

मग राहिला कोण? राहिल. तिकडूनच लाइन बारीक करत असेल. बोलायचं नसेल त्याला. दुसरीकडे कुठेतरी जीव गुंतला असेल, आणि माझी मुलगी इथे थिजलेल्या चित्राकडे बघत बसते. गुलाबभाईंना फोन लावायला निघालो तर रशिदाने हात धरला.

"सतीश झाला, आता जावई. उद्या माझ्यावर येशाल. सगळ्या जगाचा संशय घेतला, पन पोरीला कवा इचारलं का?"

"पोरीला काय विचारायचं? तिचं तर नुकसान होतंय."

"तुमी इचारायला जाता तवा चौकशीच करता," असं म्हणून ती भांडी विसळायला गेली. बायकांना या तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

५ मार्च

ठरवलं. उद्या पाचला मी ओसरीतल्या केबिनमध्ये बसणार. तिथून जिना दिसतो, डब्याचे दिवे दिसतात आणि आसमीनच्या खोलीची खिडकीही दिसते. कांदे बाहेर काढून ठेवले. रशिदाने त्यांच्यासाठी पाटी आणून दिली.

६ मार्च, शुक्रवार

आज सगळं क्रमाने लिहितो.

पाचच्या आधी केबिनमध्ये जाऊन बसलो. कांद्याचा वास, काच धुळीने माखलेली. सतीश घरात होता, पण त्याचं भाषण बंद. शुक्रवारी पाचला बंद ठेवीन म्हणाला होता, तो ते पाळतोय हे आज प्रथम लक्षात आलं.

आसमीन कॉम्प्युटरसमोर आली. दार लोटून घेतलं. खिडकीचा पडदा उकाड्यामुळे बाजूला होता. राहिलला बोलावण्याआधी तिने दुसरंच पान उघडलं. काचेतून अक्षरं दिसली नाहीत. पण त्या पानाचा निळा पट्टा मी आता झोपेतही ओळखेन. दोन-चार वेळा बोटं चालली, पान मिटलं, मग राहिल आला.

तिनेच केलं! मी उठणारच होतो. दाराच्या कडीला हातही घातला होता. पण तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तसाच खाली बसलो.

ती राहिलकडे बघत नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे वेळ दिसते तिथे बघत होती. अशी नजर मी याच काचेतून हजारदा पाहिलीय. ज्याला बोलायचं असतं तो केबिनमध्ये मीटर विसरतो, शेवटी आकडा बघून कपाळावर हात मारतो. ज्याला बोलायचं नसतं तो पहिल्यापासून मीटरकडेच बघतो. मग सुटल्यासारखा म्हणतो, मीटर पळतोय, ठेवतो आता. सासरहून माहेरी फोन करणाऱ्या बायकांमध्ये असल्या काही असायच्या. मागे सासू उभी असायची.

खिडकी उघडी होती. राहिलचा आवाज तुटत होता, पण पोचत होता. "बुधवारी क्लास... सहाला सुटतो ना... सव्वासातपर्यंत कुठं... वरचा तो... खोली फिरवून दाखव... अजून कोण हाय?"

तिने कॅमेरा उचलून खोलीभर फिरवला. सवयीने, नेहमीचंच काम असल्यासारखा. कॉटखालीसुद्धा दाखवलं. मग म्हणाली, "आवाज तुटतोय तुमचा. ऐकू येत नाही. ठेवते."

मला अख्खं ऐकू आलं होतं.

मी खोलीत गेलो. ती पुन्हा राउटरच्या पानावर होती, चौसष्ट पुसत होती. माझ्याकडे पाहून तिचा हात थांबला.

"किती दिवस?"

"पहिल्यांदा ते आपोआप झालं. लाइट गेली होती तेव्हा. तो काही विचारूच शकला नाही. इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, दर शुक्रवारी लाइट जाऊ दे. मग तुम्ही नंबर पक्के करून घेतले. त्यानंतर मीच घालत होते."

"तो पहिल्यापासून असंच विचारतो?"

"पहिल्या शुक्रवारी सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं, अब्बा. लग्नानंतर क्लास बंद, मोबाइल सासूजवळ. तो तिकडं आणि मी दौंडला. रोज कुठं गेले, कोणाशी बोलले, ते सगळं सांगायचं."

"मग मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. चढायला नको होता.

ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही पण तेच विचारता ना. उशीर का झाला, कुणाचा प्रिंटर, कोण होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, पोरगा चौकस आहे."

तसं मी म्हणालोच होतो. तिच्यासमोर म्हणालो होतो, आणि इथे मागच्या पानांवर लिहूनही ठेवलंय.

माझ्या मुलीला माझ्याच घरात तोंड उघडून नाही म्हणता आलं नाही. तिने लाइन बारीक करून नाही म्हटलं. मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं. तिने पाणी आणून दिलं.

"बोलायचं नसेल तर रिसीव्हर ठेवायचा असतो बेटा," एवढंच मला बोलता आलं. "तुला ठेवायचाय?"

तिने हो म्हणून मान हलवली. मी म्हटलं, मग तो मी ठेवतो.

८ मार्च

काल एसटीने दौंडला जाऊन आलो. अंगठी आणि कपडे परत केले. गुलाबभाई आधी समजुतीच्या सुरात बोलले, मग तापले. "पोराने चार प्रश्न विचारले म्हणून कुणी मंगनी मोडतं व्हय? काळजी करतो म्हणून इचारतो. तुमी नसतं इचारलं?"

"विचारलं असतं," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय."

त्यांना ते कळलं नाही. शिरूरला यायला अंधार पडला. रशिदा दारात उभी होती. हातातली रिकामी पिशवी बघितली आणि तिने ताट वाढलं. नातेवाईक आता दहा तोंडांनी बोलतील. बोलू देत.

९ मार्च

सतीशची ड्यूटी सुटायची वाट बघत जिन्यात बसलो होतो. त्याला सगळं सांगितलं, आसमीनचं सोडून. तेवढं माझ्याकडे राहू दे. माफी मागितली. तो चपला काढता काढता म्हणाला, "जाऊ द्या चाचा. पन खरं सांगू का? मी बी डबा तपासाय भिमाला इचारून आलतो. मला तुमचाच संशय आला व्हता."

"बरोबरच आला होता," मी म्हणालो. वरून राजश्री हसल्याचं ऐकू आलं.

१३ मार्च, शुक्रवार

पाच वाजले तसं मला बसवेना. आसमीन कॉम्प्युटरवर क्लासचे पेपर तयार करत होती. वर सतीशचं भाषण चालू, खाली तिची कामं चालू, कुणालाही चौसष्ट नाही. लाइन तेवढीच आहे, पाचशे बारा. कधी वरचं अडखळतं, कधी खालचं. मग कुणीतरी जिन्यातून हाक मारतो आणि दुसरा जरा थांबतो.

तिला म्हणालो, राउटरचा पासवर्ड बदल. काय ठेवू विचारलं. म्हटलं, तुझा तू ठेव, आणि मला सांगू नकोस.

तिला खरं वाटेना. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे बोटांचा आवाज येत होता. किती अक्षरं झाली ते मोजायचं नाही असं ठरवलं, तरी थोडी मोजलीच.

"झालं अब्बा. सांगू का?"

"नको."

मगाशी ती जिन्यात राजश्रीशी बराच वेळ कुजबुजत होती. वरच्यांना सांगितला असणार. असू दे.